एक कुंडी नको, सात बिया घ्या

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आईला लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर आहे, परळला केमो चालू आहे, दर २१ दिवसांनी एक अशा सहा सायकल ठरल्यात आणि दुसरी नुकतीच झाली. कुर्ल्याला चौथ्या मजल्यावर घर, आईच्या पलंगाशेजारी एकच खिडकी. गणपतीच्या आधी तुम्ही कळ्यांनी लगडलेला मोगरा आणून त्या खिडकीत ठेवलात. आठवड्यात त्याने कळ्या गाळल्या आणि पंधराव्या दिवशी तो वाळला. तेव्हापासून आई म्हणते, "या घरात आता काही जगायचं नाही." आणि तुम्ही विचारलंय, असं कोणतं फूलझाड आहे जे सहावी सायकल संपायच्या आत नक्की फुलेल?

मी तीस वर्षं कालिन्याला नर्सरी चालवते आणि लोकांच्या खिडक्या-गॅलऱ्यांत झाडं लावून देते. झाडाचं नाव मी पुढे सांगणारच आहे. पण तुमची अडचण झाडाच्या नावात नाही, असं मला वाटतं. मोगरा मेला आणि त्याचा अर्थ घरात वेगळाच लागला. आता दुसरं झाड आणताना तुम्ही त्याच्याकडून कौल मागताय. देवाला जसा लावतात ना, उजवीकडचं फूल पडलं तर होकार, तसा. हे ओझं कोणत्याही झाडाला पेलवत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही पेलवणार नाही.

हे मी ऐकीव बोलत नाही. आमच्या एका गिऱ्हाईकाकडे ब्रह्मकमळ होतं. म्हणजे आपल्याकडे घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते, पानातून कळी काढणारं निवडुंगाच्या जातीचं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळंच. त्यांचे यजमान बायपाससाठी दवाखान्यात होते आणि इकडे कळी फुगत होती. कळी उमलली की हे घरी येणार, असं त्यांनी मनाशी धरलं. कळी उमलायच्या आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि ती देठातून गळाली. त्या बाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. यजमान सुखरूप घरी आले ते बायको आजारी पडलेली बघायला. याच्या उलटही मी पाहिलंय. खिडकी फुलांनी भरली आणि माणूस गेला. झाडाला आपल्या घरातलं दुखणं ठाऊक नसतं. त्याला ऊन, पाणी आणि मुळांना हवा, एवढंच कळतं.

मग तुम्ही म्हणाल, झाड लावायचंच कशाला? लावायचं, आणि आत्ताच लावायचं. पण फुलाकडून आशा मागायची नाही. आजारपणाच्या घरात सगळे दिवस सारखे होतात. रिपोर्ट, गोळ्या, उलटी, झोप, पुन्हा रिपोर्ट. काल आणि आज यांत फरक काय, हे सांगता येत नाही. बी पेरलं की हा फरक परत मिळतो. काल माती सपाट होती, आज तिला तडा गेलाय. काल दोन पानं होती, आज चार. उद्या काय दिसेल याची थोडी तरी उत्सुकता घरात शिरते. मला विचाराल तर आशा म्हणजे एवढंच. फूल येईल तेव्हा येईल, त्याच्या आधीचे पन्नास दिवस तुमच्या कामाचे आहेत.

म्हणूनच मी तुम्हाला फुललेलं रोप घेऊ नका म्हणते. फुललेलं झाड घरी आणलं की त्याला खालीच यायचं असतं. शेडनेटखाली, ओलसर हवेत, रोज ठरलेल्या वेळी पाणी पिऊन वाढलेलं ते झाड तुमच्या तापलेल्या ग्रिलमध्ये येतं आणि पहिल्यांदा कळ्याच टाकतं. त्यात तुम्ही लिहिलंय की काळजीपोटी दिवसातून तीनदा पाणी घालत होतात. मोगऱ्याची मुळं त्यानेच कुजली असणार. पिशवीतून मूळ काढून बघितलं असतंत तर ते काळपट आणि मऊ लागलं असतं. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि त्याचा खरा बहर फाल्गुन-चैत्रापासून पुढे उन्हाळाभर. तुम्ही त्याला सप्टेंबरात, कमी उन्हात, जास्त पाण्यात ठेवलंत. आईला हे एवढंच सांगा, की मोगऱ्याला पाणी जास्त झालं. घराचा, नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता.

आता आधी तुमची खिडकी. इथे मला खात्रीने बोलता येत नाही, कारण समोर टॉवर आहे एवढंच तुम्ही लिहिलंय, दिशा लिहिलेली नाही. मुंबईत ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीत दुपारचं ऊन तेवढेच अडीच महिने डोकावतं आणि तेही बहुतेक ढगांत जातं. सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन दिवसेंदिवस जास्त आत येतं, डिसेंबरात सगळ्यात जास्त. तुमची खिडकी दक्षिणेला असेल तर वेळ चांगली साधली आहे. पूर्वेला असेल तरी सकाळचं कोवळं ऊन पुरतं. एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला खिडकीच्या कट्ट्यावर नजर टाका आणि ऊन किती वाजता आलं, किती वाजता गेलं ते कॅलेंडरवर लिहा. आईलाच लिहू दे. पलंगावर पडल्यापडल्या होणारं काम आहे, आणि माझ्या अनुभवात झाडाच्या कामात माणूस खरा गुंततो तो इथून.

चार तास किंवा जास्त ऊन मिळत असेल तर माझं उत्तर गोकर्ण. शंकराला वाहतात तीच, निळी किंवा पांढरी. मुंबईच्या ग्रिलसाठीच जणू तिचा जन्म आहे. वेल असल्यामुळे जागा लागत नाही, एक सुतळी बांधून दिली की ती स्वतः चढते. शेंगेच्या कुळातली असल्याने हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत साठवून घेते, म्हणून खताचे फार लाड नाहीत. बी पेरल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं. दुसरी सायकल आत्ता झाली, म्हणजे आजपासून मोजलं तर सहावीपर्यंत जवळजवळ बारा आठवडे आहेत. फूल साधारण चौथ्या आणि पाचव्या सायकलच्या दरम्यान कधीतरी यावं. हा हिशोब मी तुम्हाला धीर यावा म्हणून सांगितला, पण तो भिंतीवर लिहू नका. ढगाळ आठवडा गेला, मावा पडला, तर पंधरा दिवस इकडेतिकडे होतात.

आणि बिया सात घ्या. एक नाही, दोन नाही, सात. एकच रोप लावलंत तर तुमची नजर दिवसभर त्याच्यावर खिळेल आणि त्याचं एक पान पिवळं पडलं तरी घरात शांतता पसरेल. सातांतल्या दोन उगवणार नाहीत, एक कबूतर उपटेल, एकाला पाणी जास्त होईल. तरी तीन उरतात. ज्या घरात आधीच एका गोष्टीवर सगळं टांगलेलं आहे, त्या घरात दुसरी तशीच गोष्ट आणू नये. आठवी-नववी बी कागदात गुंडाळून देव्हाऱ्याजवळ ठेवा. पहिला घाणा बिघडला तर त्या पेरायच्या. गोकर्णीची बी विकतच घ्यायला हवी असं नाही. तुमच्या आसपास सोसायटीच्या कुंपणावर, शाळेच्या जाळीवर बघा, वाळलेल्या तपकिरी शेंगा लोंबत असतात. एका शेंगेत पाच-सात बिया सहज निघतात.

बीचं कवच टणक असतं. सँडपेपरवर किंवा नखाच्या कानशीवर एका बाजूने दोन-चारदा घासा, कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरायच्या, ज्या नाही फुगल्या त्या पुन्हा घासून भिजवायच्या. अर्ध्या इंचापेक्षा खोल पेरू नका. पाच ते दहा दिवसांत कोंब येतो, कधी पंधराही लागतात. रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा नखाने खुडा. हे करताना जीव कचरतो, सगळ्यांचाच कचरतो. पण शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात आणि पुढे फुलं दुप्पट येतात.

माती मात्र तुम्ही कालवा, आईजवळ नाही. हा भाग नीट वाचा. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. मातीत आणि शेणखतात बुरशीचे बीजाणू असतात, ते निरोगी माणसाला काही करत नाहीत, पण अशा दिवसांत फुप्फुसात शिरले तर गंभीर संसर्ग होऊ शकतो. म्हणून कुंडी आईच्या खोलीच्या आत नको, बॉक्स ग्रिलमध्ये काचेच्या बाहेर. त्याआधी तुमच्या डॉक्टरांना एक सरळ प्रश्न विचारा: "खिडकीच्या बाहेर कुंडी ठेवली आणि आईने फक्त बघितली, तर चालेल का?" ते नको म्हणाले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा आणि रोज एक फोटो काढून दाखवा. पेशी वर येऊन डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत आईने मातीत हात घालायचा नाही, फुलं फुलदाणीत घालून उशाशीही ठेवायची नाहीत. माती गच्चीवर किंवा खाली आवारात कालवा, आधी पाण्याचा हबका मारून, म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि आत येताना कपडे बदलून हात धुवायचे. एवढं होणार नसेल तर जवळच्या नर्सरीतून भरलेली कुंडी आणा, कोणीही भरून देईल.

प्रमाण साधं आहे: दोन वाटे लाल माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. दहा इंची कुंडीत तीन वेल पुरे, म्हणजे तुम्हाला दोन कुंड्या लागतील. रंगाची रिकामी बादली चालते, पण बुडाला चार-पाच भोकं हवीतच. खाली बशी ठेवणार असाल तर तिच्यातलं पाणी रोज ओतून टाका. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि तुमच्या घरात आत्ता डेंग्यू अजिबात परवडणारा नाही. मी तर म्हणेन बशीच नको. कुंडी ग्रिलच्या आतच राहू दे आणि तारेने बांधून टाका, चौथ्या मजल्याखाली माणसं चालतात.

पाणी कधी? बोटाची दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर राहू द्या. घड्याळ बघून पाणी घालू नका. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या सगळ्यांकडून ही चूक होते, मी कितीतरी घरांत पाहिली आहे. आईसाठी जे करता येत नाही ते झाडासाठी करावंसं वाटतं, आणि हातात तांब्या असतो. त्या वेळी झाडाजवळ नुसतं बसा. पानाची मागची बाजू बघा, पांढरी, कापसासारखी पिठ्या कीड दिसली तर ओल्या कापसाने पुसा. काही करायचंच असेल तर हे करा.

ऊन चार तासांपेक्षा कमी असेल तर गोकर्णीच्या मागे लागू नका. तुम्ही लिहिलंय की आई मूळची सावंतवाडीकडची आणि तिकडे अंगणात अबोली होती. अबोली दोन-तीन तासांच्या उन्हावर, उरलेल्या वेळी नुसत्या उजेडावर फुलते आणि मुंबईची दमट हवा तिला मानवते. बीपासून तिला फार महिने लागतात, म्हणून छोटं रोप घ्या, पण फुललेलं नको, पोपटी नवी पानं असलेलं घ्या. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाण्याचे थेंब पडले की ती टचकन फुटून बिया उडतात. कोकणातल्या प्रत्येक मुलीने हा खेळ खेळलेला असतो. आईला विचारून बघा, तिला आठवेल. गुलबक्षीही कमी उन्हात धकते आणि ती रोज दुपारी चार-पाचच्या सुमाराला उमलते, म्हणजे आईला बघायला एक ठरलेली वेळ मिळते. फक्त तिच्या काळ्या बिया आणि मुळं विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर नको. शेवंती मात्र टाळा. तिला कळी धरायला लांब काळोखी रात्र लागते, आणि तुमच्या खिडकीसमोर रस्त्याचा दिवा असेल तर ती नुसती पानांनी वाढत राहील.

सदाफुलीबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आईच्या औषधांत व्हिनक्रिस्टीन आहे असं तुम्ही म्हटलंय. ते औषध सदाफुलीतून आलं. मूळची मादागास्करची ही झुडुपी. मधुमेहावरचा गावठी उपाय म्हणून कॅनडात तिच्या पानांचा अर्क उंदरांना देऊन तपासला गेला. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने उतरल्या. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या दोघांनी तो धागा सोडला नाही आणि १९५८ मध्ये त्यातून व्हिनब्लास्टीन हे कॅन्सरवरचं औषध वेगळं केलं. पाठोपाठ व्हिनक्रिस्टीन सापडलं आणि १९६३ पासून ते वापरात आहे. आपल्याकडे देवळामागे, स्मशानाच्या भिंतीलाही उगवणारं हे झाड आईच्या शिरेतून आत जातंय, हे तिला जरूर सांगा. मला स्वतःला ते कळलं तेव्हा मी नर्सरीतल्या सदाफुलीच्या वाफ्यापुढे बराच वेळ उभी होते. भरपूर ऊन असेल तर एक सदाफुली लावाही. पण तिचं पान, फूल, रस काहीही पोटात जाता कामा नये. झाड विषारी आहे, आणि त्यातलं औषध इतकं अल्प असतं की शेकडो किलो सुक्या पानांतून ग्रॅमभर निघतं. कोणी नातेवाईक काढा सुचवला तर ठाम नाही म्हणा. गोकर्णीचा निळा चहाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नुसतं बघून काय होतं, असं तुम्हाला वाटेल. १९८४ साली रॉजर उलरिख यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या ४६ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सगळ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा थोडे आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. ऑपरेशन वेगळं, कॅन्सर वेगळा, त्यामुळे झाडाने आजार बरा होतो असं यातून मी म्हणणार नाही. आईचा त्रासाचा दिवस थोडा सुसह्य व्हावा, एवढ्यासाठी हे पुरेसं आहे.

आता माझं स्वतःचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या नर्सरीत छातीभर पाणी होतं. पाणी उतरलं तेव्हा गुलाब, जास्वंदी, कलमं, खताची पोती, सगळ्यावर काळा गाळ. कर्ज होतं. मिस्टर म्हणाले बंद करू, आणि मीही हो म्हटलं होतं. तीन आठवडे आम्ही नुसता गाळ उपसत होतो. एका सकाळी कुंपणाच्या पायथ्याशी गाळातून गुलबक्षीचे लाल देठ वर आलेले दिसले. तिची मुळं कंदासारखी जाड असतात, वरचं सगळं गेलं तरी खालून फुटतात. यात काही चमत्कार नव्हता, मला हे शास्त्र आधीपासून माहीत होतं. तरीही मी त्या दिवशी पहिल्यांदा मिस्टरांना हाक मारून काहीतरी दाखवलं. तीन आठवड्यांत आम्ही एकमेकांशी गाळ आणि पैसे सोडून काही बोललो नव्हतो. नर्सरी चालू ठेवायचं आम्ही पुढे पैशांचा हिशोब मांडूनच ठरवलं. गुलबक्षीने ते ठरवलं नाही. पण तो हिशोब मांडायला बसण्याइतकं बोलणं त्या सकाळी परत सुरू झालं.

तुमच्या घरातही मला तेवढंच हवंय. आईशी गोळ्या आणि रिपोर्ट सोडून रोज दोन मिनिटांचं बोलणं. तिच्याकडे एक वही द्या: कोणत्या बीला कोंब कधी आला, वेल ग्रिलच्या कितव्या गजापर्यंत चढली. थकव्याच्या दिवसांत वही कोरी राहील, राहू द्या. तुम्ही तीन दिवस दवाखान्यात अडकलात आणि कुंड्या वाळल्या, तरी स्वतःला बोल लावू नका. कागदातल्या बिया आहेतच.

खिडकीची दिशा आणि उन्हाचे तास कळवा, म्हणजे गोकर्ण की अबोली ते नक्की सांगते. दक्षिण किंवा पूर्व असेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, डॉक्टरांना विचारून या आठवड्यातच बिया भिजत घाला. त्याआधी आईला विचारा, निळी हवी की पांढरी.